गणिताचे पैसे कोणी द्यायचे?

“गणितातल्या संशोधनाला सरकारी पैसा कशाला? कारखान्यांना गरज असेल तर कारखानदार देतील.” अमळनेरच्या एखाद्या टपरीवर हे ऐकले असते तर चहा संपवून उठलो असतो. पण हे बोलतात माझ्याच पिढीतले लोक. सरकारी अनुदानावर इंजिनीअर झालेले आणि आता पुण्या-बंगळुरूत चांगला पगार घेणारे. त्यात आपल्या समाजातली शिकलेली मुलेही आहेत. मला हे म्हणणे चुकीचे वाटते. त्याची किंमत सर्वांत आधी लहान गावांतल्या, बेताच्या घरांतल्या मुलामुलींना मोजावी लागते, म्हणून ते नुसते हसून सोडून देण्यासारखेही नाही.

आधी आपल्या खानदेशाचेच पाहू. चाळीसगावजवळच्या पाटणला १२०७ सालचा एक शिलालेख आहे. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी तिथे मठ काढला आणि निकुंभ घराण्यातल्या सोइदेवाने त्याला दान दिले. लेखातला काही भाग जुन्या मराठीत आहे आणि तोच वाचण्यासारखा आहे. पाटणच्या बाजारात जो माल विकला जाईल त्यावरचा राजाचा हिस्सा मठाला मिळावा, आणि गावात जितके तेलाचे घाणे चालतील तितक्यांनी घाण्यामागे पळीभर तेल द्यावे, अशी ती व्यवस्था आहे. म्हणजे आठशे वर्षांपूर्वी खानदेशातला तेली गणिताच्या शिक्षणाचा खर्च उचलत होता. तो स्वतः ‘लीलावती’ वाचत नसेल. पण बाजाराला मापे लागतात, व्याजाला हिशेब लागतो, शेताला मोजणी लागते आणि पंचांग सगळ्यांनाच लागते. ‘लीलावती’ हा ग्रंथ पुढे १५८७ मध्ये अकबराच्या दरबारात फैजीने फारसीत नेला. तोही खर्च राजकोशातूनच झाला.

आपल्याकडे अल्-ख्वारिज्मीचे नाव व्हॉट्सअॅप स्टेटसला ठेवण्याची फार हौस आहे. ‘अल्जेब्रा आपण दिला’ म्हणायचे आणि पुढच्या स्टेटसकडे वळायचे. त्याच्या पुस्तकाची प्रस्तावना किती जणांनी पाहिली आहे? वारसाहक्क, मृत्युपत्र, वाटणी, कोर्टातले तंटे, व्यापार, जमिनीची मोजणी, कालव्यांची खुदाई यांत लोकांना जे लागते त्यासाठी हे लिहितो आहे, असे तो सांगतो. पुस्तकाचा मोठा भाग वारसाहक्काच्या उदाहरणांनीच भरला आहे. खलिफा मामूनच्या आश्रयाने झालेले हे उपयोजित गणित आहे. अभिमान बाळगायचाच असेल तर त्या व्यवस्थेचाही बाळगा. ती आज कुठे आहे, हेही मग विचारावे लागेल.

आता ‘कारखानदार देतील’ या मुद्द्याकडे येऊ. बारावीच्या गणितात लिनिअर प्रोग्रामिंगचा धडा असतो. मर्यादित मालातून, मर्यादित वेळात जास्तीत जास्त काम कसे काढायचे, याचे ते गणित. ते सोडवण्याची सिम्प्लेक्स ही पद्धत जॉर्ज डांट्झिगने १९४७ मध्ये अमेरिकी हवाई दलाच्या नोकरीत असताना शोधली. पैसा सरकारी होता आणि पद्धत जगाला खुली झाली. कोणीही पुस्तक उघडावे आणि वापरावी. १९८४ मध्ये नरेंद्र करमरकर यांनी त्याच प्रश्नावर नवी, मोठी झेप घेतली. ते ग्वाल्हेरच्या मराठी घरातले, आयआयटी मुंबईत शिकलेले. शिक्षणाचा पाया आपल्या करांच्या पैशातून घातला गेला, पण शोध लागला तेव्हा ते एटी अँड टी कंपनीच्या बेल लॅब्जमध्ये होते. कंपनीने पेटंट घेतले आणि त्या पद्धतीवर बांधलेली ‘कॉरबेक्स’ ही यंत्रणा ८९ लाख डॉलरला बाजारात आणली. करमरकरांना मी दोष देत नाही. इथे तसे काम करायला जागा असती तर गोष्ट वेगळी झाली असती. गणित खासगी पैशातून झाले की त्याला कुलूप लागू शकते आणि किल्ली ८९ लाख डॉलरची असू शकते, एवढेच दाखवायचे आहे. धुळ्याच्या यंत्रमागवाल्याने किंवा जळगावच्या डाळमिलवाल्याने ती कुठून विकत घ्यायची?

शिवाय आपल्याकडचे उद्योग देतात तरी कुठे? २०२०-२१ मध्ये भारताचा संशोधनावरचा एकूण खर्च जीडीपीच्या ०.६४ टक्के होता आणि त्यात खासगी उद्योगांचा वाटा जेमतेम ३६ टक्के. तरीही २०२३ मध्ये अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठान उभारताना पाच वर्षांच्या ५०,००० कोटींपैकी ३६,००० कोटी सरकारबाहेरून येतील असे धरले गेले. ज्यांनी आजवर हात आखडता घेतला, त्यांच्याच भरवशावर हा आकडा मांडला आहे.

दानशूर लोक देतात हे खरे. आपल्या गावात प्रताप शेठजींनी १९१६ मध्ये तत्त्वज्ञानासाठी संस्था काढली. अमळनेरसारख्या गावाला हे भाग्य लाभले. पण शेठजी प्रत्येक तालुक्यात जन्मत नाहीत. हाशम प्रेमजींनी १९४५ मध्ये इथेच वनस्पती तुपाचा कारखाना काढला, त्यातून विप्रो झाली. गावातल्या अनेक घरांत तिचे शेअर आहेत, पण सॉफ्टवेअरचे काम मात्र बंगळुरूला गेले. भांडवल सोयीच्या जागी जाते, त्यात रागावण्यासारखे काही नाही.

सरकारने मनावर घेतले तर काय होते, यासाठी जर्मनीतल्या कायझरस्लाउटर्न या गावाचे उदाहरण घ्या. वस्ती अमळनेरएवढीच, लाखाच्या आसपास. तिथे हेल्मुट नॉइनत्सर्ट या प्राध्यापकांच्या पुढाकाराने १९९५ मध्ये राज्य सरकारने औद्योगिक गणिताची संस्था सुरू केली. २००१ पासून ती फ्राउनहोफर या सार्वजनिक संशोधन संस्थेचा भाग आहे. अशा संस्थांत साधारण एक तृतीयांश खर्च सरकार उचलते, बाकीचा प्रकल्पांतून आणि उद्योगांच्या कामांतून येतो. म्हणजे सरकारने आधी जमीन तयार केली, मग उद्योग आले. सूत कातताना हवेच्या झोतात धागा कसा हलतो, हेसुद्धा तिथे समीकरणांनी सोडवतात. याच नॉइनत्सर्ट यांच्याबरोबर अलिगढ मुस्लिम विद्यापीठाचे प्रा. अबुल हसन सिद्दीकी यांनी औद्योगिक गणितावर पुस्तक लिहिले, ते २००० मध्ये प्रसिद्ध झाले. ख्वारिज्मीच्या शेजारी स्टेटसवर यांचे नाव मी कधी पाहिलेले नाही.

खानदेशात प्रश्नांना तोटा नाही. ऑगस्ट २००६ मध्ये उकाईतून सोडलेल्या पाण्याने सुरत बुडाले. उकाईत येणारे बरेचसे पाणी आपल्या तापीच्या खोऱ्यातून जाते. धरण पावसाआधी किती रिकामे ठेवायचे, दरवाजे कधी आणि किती उघडायचे, हा अनिश्चिततेत निर्णय घेण्याचा गणिती प्रश्न आहे. केळीचा विमा घ्या. तापमान ठरलेल्या अंशाच्या पलीकडे ठरलेले दिवस सलग राहिले तरच भरपाई मिळते आणि मोजणारे हवामान केंद्र शेतापासून काही किलोमीटरवर असते. ती मर्यादा एका अंशाने सरकली तर कोणाला किती पैसे मिळतील आणि कोणाचे बुडतील, हे कंपनीच्या विमा-गणितज्ञाला नेमके माहीत असते. रावेरच्या शेतकऱ्याच्या बाजूने तेच गणित कोण मांडणार? कंपनी मांडणार नाही, हे उघड आहे. ते काम जळगावच्या विद्यापीठाचे आहे आणि त्यासाठी पगार, संगणक आणि संशोधक विद्यार्थी लागतात.

आणि विद्यार्थ्यांचे काय झाले? अल्पसंख्याकांसाठीची मौलाना आझाद फेलोशिप डिसेंबर २०२२ मध्ये बंद झाल्याचे सरकारने संसदेत सांगितले. कारण दिले, इतर योजनांशी ती ओव्हरलॅप होते. २०१४-१५ ते २०२१-२२ या आठ वर्षांत तिच्यातून ६,७२२ जणांची निवड झाली आणि ७३८.८५ कोटी रुपये वाटले गेले. म्हणजे वर्षाला सरासरी ९२ कोटी. मुस्लिम, ख्रिस्ती, शीख, बौद्ध, जैन, पारशी मिळून. एवढ्यासाठी दार लावले. बापाच्या दुकानावर बसण्याऐवजी पाच वर्षे समीकरणे सोडवायची, तर घरात महिन्याला काहीतरी यावे लागते. ज्याच्या घरी भरपूर आहे त्याला हा प्रश्न पडत नाही.

एक आक्षेप मला मान्य आहे. सरकारी पैशावर होणारे बरेच पीएच.डी.चे प्रबंध बढतीसाठी लिहिले जातात आणि कपाटात जातात. पण त्यावर उपाय पैसा थांबवणे हा नाही. प्रश्न धरणावरून, मिलमधून, शेतातून घ्या, ज्याचा प्रश्न आहे त्याला समितीवर बसवा आणि निघालेली पद्धत व प्रोग्राम सर्वांना खुले करा. पैसा जनतेचा असेल तर कुलूप चालणार नाही, ही अट अनुदानाच्या पहिल्याच पानावर हवी.

महाराष्ट्र मंत्रिमंडळाने २०२४ मध्ये अल्पसंख्याकांसाठी ‘मार्टी’ या संशोधन व प्रशिक्षण संस्थेला मंजुरी दिली. नावात संशोधन आहे. तरी आपल्यातले बहुतेक जण तिच्याकडे मागतात ते स्पर्धा परीक्षेचे क्लास. क्लास हवेतच. पण मित्रांनो, तुमच्या आमदारांना पुढचे निवेदन द्याल तेव्हा त्यात एक ओळ वाढवा: उपयोजित गणित आणि संख्याशास्त्रातल्या पीएच.डी.साठी पूर्ण पाच वर्षांची फेलोशिप, उत्तर महाराष्ट्रातल्या प्रश्नांवर काम करण्याच्या अटीसह. आणि तुमच्यापैकी ज्यांना बीएस्सीला गणित आहे, त्यांनी बी.एड.चा फॉर्म भरण्याआधी एमएस्सीच्या जॅम परीक्षेची तारीख बघून घ्या.