धबधबा चार महिन्यांचा, पोढी आठ महिन्यांची

१/ पावसाळा लागला की मळवली स्थानकातून भाजे गावाकडे जाणारी वाट माणसांनी फुलून जाते. द्रुतगती मार्ग ओलांडून गावात शिरले की डोंगरावरून कोसळणारा धबधबा दिसू लागतो. वाट सोपी, वर चढायला पायऱ्या. त्याच पायऱ्या भाजे लेण्यांपर्यंत नेतात. पण बहुतेकांची सहल धबधब्यापाशीच संपते. मित्रहो, माझे मत असे की लेण्यांतली पाण्याची टाकी पाहिल्याखेरीज हा धबधबाही पुरता कळत नाही.

२/ भाजे येथे २२ लेणी आहेत. त्यांचा आरंभ इ.स.पू. दुसऱ्या शतकातला. चैत्यगृहाच्या छताला आजही प्राचीन लाकडी तुळया आहेत. जवळच्या स्तूपसमूहावर धम्मगिरी, संघदिन अशा स्थविरांची नावे कोरलेली आहेत. माणसे येथे दीर्घकाळ राहिली, साधना करून येथेच विसावली, याची ती साक्ष.

३/ भिक्षूंनी पावसाळ्यात भ्रमंती थांबवून एके ठिकाणी वर्षावास करावा, असा संघाचा नियम होता. कोकणातील बंदरांतून बोरघाटमार्गे देशावर येणारा व्यापारी मार्ग याच परिसरातून जाई. त्यामुळे भिक्षा आणि दान दोन्ही मिळे. अडचण होती ती पावसाळ्यानंतरची. सह्याद्रीचा हा कातळ पाणी फारसे धरून ठेवत नाही. आज गर्जणारा ओढा उन्हाळ्यात कोरडा पडतो.

४/ यावरचे उत्तर त्याच कातळात खोदलेले आहे. पावसाचे पाणी साठवण्यासाठी लेण्यांलगत टाकी कोरली गेली. येथील एका टाक्यावर ब्राह्मी लेख आहे: महारठी कोसिकीपुत्र विण्हुदत्त याने दिलेले हे दान. टाक्यासाठी लेखात आलेला शब्द आहे 'पोढी'.

५/ हा शब्द पश्चिम महाराष्ट्रातील आणि कोकणातील इतर लेण्यांतही भेटतो. जुन्नरला इरिल नावाच्या यवनाने दोन पोढ्या दिल्या. कान्हेरीला कल्याणच्या एका सोनाराने पोढी दिली. महारठी अधिकारी, परदेशी वंशाचा यवन आणि एक कारागीर: तिघांनाही पाणी हेच पुण्याचे दान वाटले.

६/ लेणे पाहताना आपला पहिला प्रश्न असतो, 'हे कोणत्या राजाने खोदले?' हा प्रश्न अपुरा आहे. 'येथे राहणारे वैशाखात काय पीत होते?' असे विचारले की राजवंशांच्या यादीत न सापडणारा समाज समोर येतो. कोणी खर्च उचलला, कोणी कातळ फोडला, पाणी वाहून जाऊ नये म्हणून कोणी उताराचा अंदाज घेतला. दात्यांची नावे तरी उरली. टाकी खोदणाऱ्या हातांची नावे कोणी कोरली नाहीत.

७/ यावर कोणी म्हणेल, लोक चार घटका भिजायला येतात, त्यांच्यावर इतिहासाचे ओझे कशाला? भिजण्याला माझी हरकत नाही. पण ज्याला टाके म्हणजे डबके वाटते, तो त्यात रिकामी बाटली सहज टाकतो. किल्ल्यांवर आणि लेण्यांत हे आपण पाहतो. सूचनाफलकाने हे थांबलेले नाही. टाक्याकडे बोट दाखवून 'ही कोणाची तरी भेट आहे' असे सांगणारा सोबती असेल, तर थांबण्याचा संभव अधिक.

८/ म्हणून भाज्याला दोनदा जावे. एकदा श्रावणात, धबधब्यासाठी. दुसऱ्यांदा वैशाखात, ओढा आटलेला असताना. ती कोरडी धार पाहून मग विण्हुदत्ताच्या पोढीपाशी उभे राहावे. दोन हजार वर्षांपूर्वी पाण्याचे दान सर्वांत मोठे का ठरले असावे, ते तेथे वेगळे समजावून सांगावे लागत नाही.