रविवारच्या शाळेतली मोठी पोरे



नेहमी आपण बी-बियाणे आणि खतांविषयी बोलतो. आज पोरांच्या मशागतीविषयी बोलू. आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यात पिढ्यान्‌पिढ्या शेती करणारी ख्रिस्ती घरे पुष्कळ आहेत. त्यांतल्या आईबापांची एक तक्रार नेहमी कानी येते, "साहेब, लहानपणी पोरगं संडे स्कूलला पळत जायचं. आता चौदावं लागलं, तर उठतच नाही."

मीही रविवारी असा एक वर्ग घेतो. माझी चूक आधी सांगतो. पेरणाऱ्याचा दाखला चालला होता. काही बी वाटेवर पडले, असे मी म्हणताच नववीतला एक मुलगा उठला. "वाटेवर बी टाकणारा शेतकरी कसला? आमचे दादा एक दाणा वाया जाऊ देत नाहीत." मुले हसली. मी त्याला दटावून खाली बसवले. पुढचे दोन रविवार तो आलाच नाही.

मग माझ्या ध्यानात आले, की प्रश्न खरा होता आणि शेतकऱ्याच्या पोरालाच सुचेल असा होता. आपण तिफणीने पेरतो, बी तासात पडते. त्या देशात बी हाताने फेकून पेरत, म्हणून थोडे वाटेवर जाई. एवढे सांगायला मला किती वेळ लागला असता? मी त्याच्या घरी गेलो, चूक कबूल केली आणि म्हणालो, "आता हा दाखला तूच करून दाखव."

त्याने चार डबे आणले. एकात वाटेची धोपटलेली माती, दुसऱ्यात मुरमावर मातीचा पातळ थर, तिसऱ्यात हरळीच्या काशा, चौथ्यात शेणखत घातलेली काळी माती. चारीत बाजरीचे सारखेच दाणे टाकले. पहिल्या डब्यातले कोंबड्यांनी त्याच दिवशी टिपले. मुरमातले उगवले आणि उन्हाने माना टाकून बसले. हरळीने महिनाभरात आपले काम केले. मी फारसे बोललोच नाही. शेवटी एका मुलीने विचारले, "मग वाईट माती वाईटच राहते का?" नांगरट, वेचणी, शेणखत, ही उत्तरे पोरांनीच दिली.

म्हणून सांगतो, मोठ्या मुलाचा प्रश्न दाबू नका. उत्तर येत नसेल तर "पुढच्या रविवारी शोधून सांगतो" म्हणा, आणि खरेच सांगा. त्याच्या हाताला काम द्या, धाकट्यांना शिकवू द्या. पेरणी-काढणीच्या दिवसांत वर्ग संध्याकाळी घ्या. इंग्लंडात ग्लॉस्टर गावी १७८० साली रॉबर्ट रेक्सने अशी शाळा काढली, ती आठवडाभर राबणाऱ्या पोरांसाठीच. आपली पोरेही राबतात, हे विसरू नये.

लूकच्या शुभवर्तमानात तीन वर्षे फळ न देणारे अंजिराचे झाड आहे. मालक ते तोडायला सांगतो. माळी म्हणतो, यंदा राहू द्या, मी आळे खणून खत घालतो. तुमच्या घरचे पोर येत नसेल, तर बोल लावण्याआधी एवढेच पाहा, की त्याच्या बुंध्याशी आपण शेवटचे कधी खणले होते?