मरणालाही जात आहे



मागच्या महिन्यात बापाला घेऊन दवाखान्यात गेलो. म्हातारा तीस वर्षं गटारात आणि कचऱ्याच्या गाडीवर राबला. छातीचा पार भाता झालाय. डॉक्टर माझ्याच वयाचा पोरगा. एक्सरे उजेडात धरून त्यानं पहिलं काय विचारावं? "दारू किती पितो?" आणि मग, "तुम्ही लोक स्वच्छ का राहत नाही?" ज्यानं उभं आयुष्य शहर झाडलं त्याला स्वच्छतेचा धडा! बाप मान खाली घालून गप्प. मीही गप्पच राहिलो. तेव्हा बोललो नाही, म्हणून आज लिहितोय.

होय, बाप प्यायचा. मैल्यात शुद्धीवर राहून कोण उतरेल? तुम्ही उतराल? पण हे शिकलेले लोक नेहमी उलट्या टोकानं सुरुवात करतात. दारू, विडी, घाण, अडाणीपणा, म्हणून म्हणे गरीब लवकर मरतो. आपल्यातलेही चार बुकं शिकलेले हेच बोलायला लागलेत. त्यांच्यासाठी थेट साहेबाच्या देशातला दाखला देतो.

1967 पासून लंडनमधल्या सुमारे 18 हजार सरकारी नोकर पुरुषांची तपासणी झाली. मायकेल मार्मट या डॉक्टरनं त्याचा हिशेब मांडला. सगळे पगारी. दवापाणी 1948 पासून सगळ्यांनाच फुकट. कुणी उपाशी नाही, कुणी गटारात उतरत नाही. तरी हृदयविकारानं मरण्याचं प्रमाण सर्वात खालच्या पायरीवरल्या शिपायांत सर्वात वरच्या साहेबांच्या तिप्पट निघालं. सिगारेट, रक्तदाब, चरबी सगळं हिशेबात धरलं, तरी अर्ध्याहून जास्त फरक उरलाच. मधल्या कारकुनांचं मरणही मधेच. ज्याच्या हातात स्वतःचं काम नाही, ज्यानं दिवसभर फक्त हुकूम झेलायचा, त्याचं शरीर सतत ताणलेलं राहतं, आणि तो ताण काळीज खातो.

पायरीगणिक आयुष्य! ही शिडी आपल्याला नवी आहे का? बाबासाहेबांनी तिला श्रेणीबद्ध विषमता म्हटलं. साहेबाच्या देशात ती कचेरीत सापडली. इथं ती जन्माबरोबर मिळते, वर भूक आणि मैला.

संयुक्त राष्ट्रांच्या महिलांसाठी काम करणाऱ्या संस्थेनं 2018 साली सांगितलं : भारतातली दलित बाई सवर्ण बाईपेक्षा सरासरी 14.6 वर्षं आधी मरते. साडेचौदा वर्षं! एक पोर जन्मून नववीत जाईल एवढा काळ. 2019–21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत सर्वात गरीब घरांतली हजारातली 59 पोरं पाच वर्षांची होण्याआधी मेली, सर्वात श्रीमंत घरांतली 20. त्या पोरांनी कुठली दारू प्यायली होती?

1927 साली महाडला आपल्या माणसांनी चवदार तळ्याच्या पाण्याला हात लावला. त्याच साली मुंबईचा कचरा देवनारला पडू लागला. जानेवारी 2016 मध्ये तो डोंगर पेटला तेव्हा धूर बाकीच्या शहरातही शिरला आणि पेपरांत बोंब झाली. गोवंडीवाले तो धूर आधीपासूनच गिळत होते. झोपडी मोडून बिल्डिंग दिली म्हणून सुटका झाली का? गोवंडी-मानखुर्दच्या पुनर्वसनाच्या इमारतींचा अभ्यास 2018 साली झाला. एकमेकींना खेटून बांधलेल्या, ऊन-वारा न पोचणाऱ्या इमारतींत, त्यातही खालच्या मजल्यांवर, टीबी जास्त निघाला. दोन इमारतींत किती जागा सोडायची हे टीबीच्या जंतूनं ठरवलं नव्हतं. ते कागदावर सही करून ठरलं.

हातानं मैला उचलायला लावणं 1993 च्या कायद्यानं बंद, 2013 च्या कायद्यानं पुन्हा बंद. ऑक्टोबर 2023 मध्ये सुप्रीम कोर्टानं गटारात मेलेल्याची भरपाई 10 लाखांवरून 30 लाख केली. मेल्यावर 30 लाख. जिवंतपणी बूट कुठायत? मशीन कुठाय?

बाबासाहेब 1928 साली मुंबईच्या कौन्सिलात बाळंत कामगार बाईच्या पगारी रजेसाठी बोलले. त्यांनी बाईला "तब्येत सांभाळ" असा उपदेश केला नाही, कायदा मागितला. आपणही तेच मागायचं. पाणी, उजेड, बूट, मशीन, रजा. आणि दवाखान्यात माणसासारखी वागणूक. दवाखाने हवेतच, पण दवाखाना आजार बरा करून माणसाला पुन्हा त्याच गटारात धाडणार असेल तर लढाई गटाराशी आहे.

एक काम लगेच करा. आपल्या वस्तीत कोण मेलं, कितव्या वर्षी, काय काम करत होतं, ह्याची वही करा. सरकारी दाखल्यावर "हृदयक्रिया बंद पडली" एवढंच लिहितात. ती कशानं बंद पडली ते आपण लिहू, आणि ती वही घेऊन मोर्चा काढू.

माझ्या वस्तीची वही मी सुरू केलीय. पहिल्या पानावर अकरा नावं आहेत. साठी गाठलेलं एकही नाही.