‘तुटक’ डिजिटलची दंतकथा

संगीतावरच्या आपल्याकडच्या लेखनात एक विधान हटकून भेटते: डिजिटल मुद्रणात सुराचे तुकडे होतात, म्हणून त्यात प्राण उरत नाही. तबकडीचा आवाज सलग, सीडीचा तुटक. सलग ते जिवंत, तुटक ते मृत. परिसंवादांत हे आम्ही पुष्कळ ऐकले. अलीकडे विद्यार्थ्यांच्या निबंधांतही ते आधुनिक जगण्याच्या विखंडिततेचा पुरावा म्हणून अवतरू लागले आहे, तेव्हा त्याचा प्रतिवाद करणे भाग आहे. रूपक म्हणून हे विधान देखणे असेल. वस्तुस्थिती म्हणून ते चूक आहे.

१९८२ मध्ये बाजारात आलेल्या सीडीवर ध्वनिलहरीची पातळी सेकंदाला ४४,१०० वेळा मोजून आकड्यांत नोंदलेली असते. आमचे समीक्षक इथेच थांबतात आणि शोक करू लागतात. पण आकडे कोणी ऐकत नाही. त्या आकड्यांतून पुन्हा विद्युत्-लहर घडवणारे एक यंत्र मध्ये असते: डिजिटल-टू-ॲनालॉग कन्व्हर्टर, बोलीत ‘डॅक’. (पारिभाषिक प्रतिशब्द घडवण्याचा मोह आम्ही आवरला आहे.) हे यंत्र बिंदूंमधल्या मोकळ्या जागा अंदाजाने भरते, किंवा त्यातून पायऱ्यापायऱ्यांचा सूर बाहेर पडतो, ही समजूतच मुळात खोटी. क्लॉड शॅनन यांनी १९४९ च्या निबंधात मांडलेला सिद्धांत असा, की मूळ लहरीतील सर्व कंपने मोजणीच्या निम्म्या वेगाच्या आत असतील, तर त्या बिंदूंतून जाणारी तशी लहर एक आणि एकच असते. शाळेतली भूमिती आठवावी: एका रेषेत नसलेल्या तीन बिंदूंतून एकच वर्तुळ जाते. तीन बिंदू दिले म्हणून वर्तुळ तुटले, असे कोणी म्हणत नाही. माणसाचा कान फार तर सेकंदाला वीस हजार कंपनांपर्यंत ऐकतो. ४४,१०० चे निम्मे २२,०५०. हिशेब पुरा होतो.

मग चांगल्या डॅकने घरचे ऐकणे ‘खरे’ वाटू लागते, हा अनुभव भ्रम आहे काय? नाही. सुमार यंत्रात संगणकाच्या अंतर्भागातील विद्युत्-गोंगाट ध्वनीत मिसळतो आणि सर्वांत हळू असलेल्या गोष्टी आधी बुडतात. विलंबित ख्यालात गायक थांबतो, तेव्हा तानपुऱ्याच्या जवारीतून उमलणारे स्वर विरत जातात. त्यांची शेपटी कुठवर ऐकू येते, गायकाने घेतलेला श्वास कळतो की नाही, यावर ती खोली आपल्यापुढे उभी राहणे अवलंबून असते. नीट बनवलेला डॅक हे बुडू देत नाही. उत्तम वाचकाने पोथी वाचावी, तसे त्याचे काम आहे: अक्षर गाळायचे नाही, पदरचे घालायचे नाही. पोथीत नाही ते मात्र तोही वाचणार नाही. अब्दुल करीम खाँ यांची जी गायकी तीन-सव्वातीन मिनिटांच्या तबकडीत मावली नाही, ती कोणत्याही यंत्रातून निघणार नाही. एमपी३ करताना टाकून दिलेलेही परत येणार नाही.

हे न सांगता ‘मैफल तुमच्या दिवाणखान्यात’ म्हणणारे विक्रेते आम्हांला त्या शोकाकुल समीक्षकांचेच जुळे भाऊ वाटतात. २००७ मध्ये मेयर आणि मोरान यांनी उच्च क्षमतेच्या मुद्रणाच्या वाटेत सीडीच्या दर्जाचे रूपांतर गुपचूप घालून श्रोत्यांना फरक ओळखायला लावला. ५५४ प्रयत्नांत २७६ बरोबर. नाणे उडवूनही एवढे जमते. २०१६ मध्ये जोशुआ राइस यांनी अनेक प्रयोगांचे एकत्र विश्लेषण करून फरक जाणवतो असे दाखवले खरे, पण ते प्रमाण बावन्न टक्क्यांच्या आसपासचे. लाखालाखाच्या पेट्या विकायला हा आधार तोकडा आहे.

विक्रेत्यांमुळे खिसा रिकामा होतो, एवढेच. समीक्षकांच्या रूपकाने होणारे नुकसान मोठे आहे. खासगी मैफलींच्या कितीतरी फिती आजही घराघरांतल्या कपाटांत आहेत. दमट हवेत त्यांवर बुरशी चढते, चुंबकीय थर सुटू लागतो. एका फितीवरून दुसरीवर उतरवावे तर दर खेपेला खरखर वाढते; आकड्यांची प्रत मात्र कितीही वेळा केली तरी तीच राहते. असे असता आमच्या परिचयातले एक संग्राहक आपल्या फितींना हात लावू देत नाहीत. कारण तेच: सुराचे तुकडे होतील. हे त्यांना कोणा अभियंत्याने सांगितलेले नाही. वाङ्मयीन नियतकालिकांत वाचूनच त्यांची तशी खात्री झाली आहे. भास्करबुवा बखले १९२२ मध्ये गेले. त्यांचे गाणे आज कोणत्याच रूपात उपलब्ध नाही. इथे तर गाणे कपाटात आहे आणि आपण सलग-तुटकाचा वाद घालत बसलो आहोत. पुढच्या पावसाळ्याआधी निदान सर्वांत जुन्या फिती तरी उतरवून घ्याव्यात, असे आम्ही त्या गृहस्थांना पुन्हा एकदा कळवले आहे. उत्तर अद्याप आलेले नाही.