छतातली लाल मूठ

लहान खासगी विमान म्हटले की श्रीमंतांची हौस डोळ्यांपुढे येते. चार-पाच आसने, पुढे एकच इंजिन आणि बहुतेक वेळा वैमानिकही एकच. मागे त्याची बायको-मुले बसलेली. मोठ्या प्रवासी विमानात एक वैमानिक आजारी पडला तर दुसरा असतो. इथे सगळी भिस्त एका माणसावर. अमेरिकेत अशी विमाने लोक मोटारीसारखी स्वतःच चालवतात, म्हणून त्यांच्या सुरक्षेचा विचारही तिथेच जास्त झाला. त्यातल्या दोन युक्त्यांविषयी आम्ही या वेळी लिहीत आहोत.

पहिली युक्ती पॅराशूटची. माणसासाठी नव्हे, अख्ख्या विमानासाठी.

१९७५ साली मिनेसोटा राज्यात बोरिस पोपोव्ह नावाचा तरुण हँगग्लायडर मोडल्याने सुमारे ४०० फुटांवरून तलावात कोसळला. तो वाचला, पण खाली येताना आपल्या हाती करण्यासारखे काहीच नव्हते, ही गोष्ट त्याच्या मनात घर करून राहिली. पुढे १९८० मध्ये त्याने यंत्रासकट माणसाला खाली उतरवणारी पॅराशूट बनवण्याची कंपनी काढली. १९८५ मध्ये ॲलन क्लॅपमायर यांच्या विमानाची हवेत दुसऱ्या विमानाशी टक्कर झाली. पंखाचा तुकडा गेलेले विमान त्यांनी कसेबसे उतरवले. दुसऱ्या विमानाचा वैमानिक मात्र गेला. ॲलन आणि त्यांचे बंधू डेल यांची सिरस ही कंपनी. त्यांच्या एसआर-२० विमानाला १९९८ साली सरकारी मान्यता मिळाली, आणि त्यात पॅराशूट कारखान्यातूनच बसवलेले होते.

या पॅराशूटच्या हवाई चाचण्या स्कॉट अँडरसन या वैमानिकाने केल्या होत्या. मार्च १९९९ मध्ये एसआर-२०च्याच एका चाचणीत पंखावरची हलती झडप अडकली आणि विमान पडून त्यांचा मृत्यू झाला. त्या विमानात पॅराशूट अजून बसवायचे होते.

रचना साधी आहे. मागच्या भागात घडी केलेले, सुमारे ५५ फूट व्यासाचे पॅराशूट आणि एक छोटा रॉकेट. विमानाला बांधलेले पट्टे बाहेरच्या पातळ आवरणाखाली दडवलेले. वैमानिकाच्या डोक्यावर, छतात, एक लाल मूठ. ती दोन्ही हातांनी जोर लावून खाली ओढली की रॉकेट पॅराशूटला बाहेर खेचतो, पट्टे आवरण फाडत वर येतात आणि विमान लोंबकळत खाली येऊ लागते. आपटणे चुकत नाही. साधारण बारा-तेरा फुटांवरून खाली टाकल्यासारखा दणका बसतो. तो सोसण्यासाठी चाकांचे पाय आणि आसनांचा तळ मुद्दाम दबतील असे केलेले असतात. २००२ च्या ऑक्टोबरात टेक्सासमध्ये देखभालीहून आलेल्या एका विमानाची पंखावरची झडप निखळली, वैमानिकाने मूठ ओढली आणि झाडाझुडपांत उतरून तो चालत बाहेर आला. ही पहिली वेळ. २०१५ मध्ये हवाई बेटांपासून सुमारे २५० मैलांवर, भर समुद्रात, इंधनाच्या बिघाडामुळे एकाने असेच विमान पाण्यावर उतरवले. त्याला जवळच्या प्रवासी जहाजाने उचलून घेतले.

आता खरी गोष्ट. पहिली दहा-बारा वर्षे या विमानांचे प्राणघातक अपघात अपेक्षेइतके कमी झालेच नाहीत. पॅराशूट होते, पण कित्येकांनी ते ओढलेच नाही! इंजिन बंद पडले तर वैमानिक शेत शोधत राहिले, ढगांत दिशा हरवली तर सावरू पाहत राहिले. मी शिकलेला माणूस, मला हे जमेल, ही घमेंड म्हणा. लाखो डॉलरचे विमान मोडेल हा हिशेबही असेल. तेवढ्यात उंची संपते. सरळ उड्डाणातही पॅराशूट उघडून विमान सावरेपर्यंत ४०० ते ६०० फूट जातात. गिरक्या घेत असेल तर त्याहून बरेच जास्त. त्यामुळे २०११च्या सुमारास शिकवण्याची पद्धत बदलली. शंका आली की ओढा, विमान विमा कंपनीचे समजा, अशी सवय लावली. सोबत बसणाऱ्या जोडीदारांसाठीही वेगळे वर्ग निघाले. त्यानंतर मृत्यूंचे प्रमाण ठळकपणे उतरले. यंत्र तेच होते. आजवर या पॅराशूटने २५० हून अधिक जीव वाचवले आहेत.

पण मूठ ओढणाराच बेशुद्ध पडला तर? मागे बसलेल्या अम्मीने काय करायचे? मूठ तीही ओढू शकते, पण समुद्रावर किंवा डोंगरावर उतरणे काही सुखाचे नाही.

दुसरी युक्ती यासाठीच. गार्मिन कंपनीच्या ऑटोलँड यंत्रणेला मे २०२० मध्ये पायपर एम-६०० विमानात पहिली मान्यता मिळाली. झाकणाखालचे एक बटण दाबायचे, बस्स. वैमानिक बराच वेळ कशालाच हात लावत नाही असे दिसले तर यंत्रणा आपणहून जागी होते. इंधन, हवामान, डोंगर, धावपट्टीची लांबी पाहून ती विमानतळ निवडते, रेडिओवर स्वतः आवाज देऊन आपण येत असल्याचे सर्वांना कळवते, विमान उतरवते, ब्रेक लावते आणि इंजिन बंद करते. पडद्यावर साध्या शब्दांत लिहून येते की आपण कुठे चाललो आहोत आणि उतरायला किती मिनिटे आहेत. घाबरलेल्या माणसासाठी तेवढे वाचायला मिळणे आम्हाला फार मोलाचे वाटते. चुकून बटण दाबले गेले, तर वैमानिक एका कळीने ताबा परत घेऊ शकतो.

एम-६०० ची किंमत कोट्यवधी रुपये आहे, तेव्हा ही सोय सध्या मोजक्यांचीच. पॅराशूट मात्र अतिहलक्या विमानांसाठीही मिळते. त्याला आणखी एक खर्च आहे: सिरसच्या विमानांत दर दहा वर्षांनी ते काढून नव्याने घडी केलेले बसवावे लागते. आणि प्रत्येक उड्डाणाआधी त्या लाल मुठीची सुरक्षा-खीळ काढायची असते. ती तशीच राहिली तर मूठ ओढता येत नाही.