डीजे हा माणूस असतो!

परभाषेतून आलेल्या शब्दांचे आपण पुष्कळ हाल केले, पण 'डीजे' या शब्दाचे केले तेवढे कुणाचेच नाहीत. हा शब्द जन्मला तेव्हा तो चक्क हाडामांसाचा माणूस होता. डिस्क जॉकी, म्हणजे तबकड्यांवर स्वार झालेला. आपल्याकडे पोचेपर्यंत घोडा गेला, स्वारही गेला. उरली ती ट्रकवर रचलेली स्पीकरांची भिंत. आपण 'डीजे लावला' म्हणतो, 'डीजे वाजला' म्हणतो, 'डीजेवर बंदी आली' म्हणतो. बंदीसुद्धा नाटककारावर येते तशी नव्हे, फटाक्यांवर येते तशी. लग्नघरात भटजी जेवले का विचारतात, फोटोग्राफर जेवला का विचारतात, 'डीजे जेवला का हो?' असं मात्र कुणी विचारत नाही. भिंतीला कोण पान वाढणार?

तेव्हा आज या माणसाचं वकीलपत्र मी घेतलं आहे. फी मिळणार नाही, हे ठाऊक आहे.

पहिला आरोप आमच्या वरच्या मजल्यावरचे काका नेहमी करतात. "दुसऱ्यांची गाणी वाजवायची, त्यात कसली आलीय कला?" काका दर एकादशीला कीर्तनाला जातात. कीर्तनकारानं त्या दिवशी गायलेला अभंग तुकोबांचा, गोष्ट महाभारतातली, दोहा कबीराचा. त्यांचं स्वतःचं काय? तर कशानंतर काय घ्यायचं, हे! समोरची मंडळी पेंगायला लागली की कुठला अभंग काढायचा आणि कुठे नुसताच मृदंग बोलू द्यायचा, हे. त्याला काका कला म्हणतात आणि आरतीच्या ताटात पैसेही टाकतात. मग तबकडीवाल्यानंच काय घोडं मारलंय?

न्यूयॉर्कमध्ये डेव्हिड मॅनकुसो नावाचा एक गृहस्थ होता. १९७० साली त्यानं आपल्या राहत्या जागेत नाचाच्या पार्ट्या सुरू केल्या. आमंत्रण असलेल्यांनाच प्रवेश, दारूची विक्री नाही, खायला मात्र भरपूर. म्हणजे जवळजवळ आपलं हळदीकुंकूच. नाचायला काळे, गोरे, लॅटिन अमेरिकेतून आलेले, सगळे एका फरशीवर. आणि वाजायचं काय? सोल, रॉक, जॅझ, आफ्रिकेतले ढोल, सगळंच. कॅमेरूनच्या मनू दिबांगोची 'सोल माकोसा' ही तबकडी त्याला ब्रुकलिनच्या एका दुकानात मिळाली. त्यानं ती वाजवली, लोक वेडे झाले, आणि १९७३ साली ते गाणं सगळ्या अमेरिकेत गाजलं. कुठलं कॅमेरून आणि कुठलं न्यूयॉर्क! हे स्थळ जमवणारा मध्यस्थ म्हणजे डीजे.

दुसरा पक्ष जास्त धोकादायक, कारण तो स्वतःला डीजेच म्हणवतो. लावणी असो, भजन असो, कोळीगीत असो, खाली एकच 'धाड धाड' चिकटवायचं आणि म्हणायचं, "बघा, कसं सगळं मिक्स केलं!" अहो, याला मिक्स म्हणत नाहीत. हायवेवरच्या हॉटेलात पनीर मागवा, काजू मागवा नाहीतर कोफ्ता मागवा, वर ओतलेली लाल ग्रेव्ही एकाच पातेल्यातली असते, त्यातला हा प्रकार. दादऱ्याच्या सहा मात्रा आणि केरव्याच्या आठ, त्यांना एका खुंटीला बांधलं की दोघांचंही मरण.

खऱ्या कारागिराला यंत्राची मर्यादा माहीत असते. १९७९ पासून ज्या टेक्निक्स तबकडीयंत्रावर दोन पिढ्यांचे डीजे पोसले, त्याची वेगाची पट्टी आठ टक्के वर किंवा आठ टक्के खाली सरकते. मिनिटाला १२० ठोक्यांचं गाणं त्यामुळे फार तर ११० ते १३०च्या आत फिरणार. त्यापलीकडचं गाणं जोडायचं तर पट्टी कामाची नाही, डोकं लागतं. मध्ये एखादा ढोल एकटा सोडायचा, क्षणभर शांतता ठेवायची, नाचणाऱ्यांच्या पायांकडे बघत राहायचं. मॅनकुसोनं तर पुढे जोडकाम बंदच केलं. तबकडी पहिल्या सुरापासून शेवटच्या सुरापर्यंत पुरी वाजवायची, मग दुसरी. तरी रात्र तुटत नसे, कारण तो ठोके जुळवत नव्हता, मनं जुळवत होता. आपल्या मैफलीत तरी दुसरं काय असतं? विलंबित, द्रुत, ठुमरी, नाट्यपद आणि शेवटी भैरवी. सगळ्यांची लय एकच का नाही, अशी तक्रार कुणी केल्याचं ऐकिवात नाही.

"हे आपल्याकडचं नव्हे," असं म्हणू नका. १९८२ साली मुंबईतल्या चरणजित सिंग या चित्रपटसृष्टीतल्या वादकानं डिस्कोच्या ठेक्यावर दहा राग वाजवून तबकडी काढली. तेव्हा कुणी फारसं विचारलं नाही. २०१० साली ती पुन्हा निघाली आणि परदेशातले जाणकार थक्क झाले. आपण मात्र अजून भिंतीची उंची मोजतोय.

आणि भांडण शेवटी नाच कुणाचा, याचं आहे. भिंत सुरू झाली की आजी आतल्या खोलीत, तान्हं पोर रडारडीत, आजोबा कानात कापूस घालून. नाचतात ते चौकातले दहा तरुण. रात्री दहानंतर स्पीकर बंद हा २०००चा नियम हवाच. पण तो आवाजाला वेळ घालून देतो, अक्कल घालून देत नाही. ज्याला चार तऱ्हेची गाणी ठाऊक आहेत, तो आत्याबाईंसाठी फुगडीचा ठेका काढील, मामांसाठी जुनं गाणं काढील आणि त्याच ओघात पोरांना त्यांचा धिंगाणाही देईल. मग मांडवात पाहुणे आणि नाचणारे अशा दोन जाती उरणार नाहीत.

म्हणून पुढच्या कार्याची सुपारी देताना 'किती बेस, किती टॉप?' हे नंतर विचारा. आधी विचारा, "बाबा रे, तुला गाणी किती येतात?" उत्तर समाधानकारक आलं, तर पहिल्या पंगतीला त्याचं पान मांडा.