दहा टक्के नावाची अंधश्रद्धा

माझं आजोळ गडचिरोली जिल्ह्यातलं. मे महिन्यात आजी तेंदूपत्त्याचे पुडे घेऊन फळीवर जायची. एका पुड्यात 70 पानं. मुन्शी मधूनच एखादा पुडा उचलून मोजायचा; पानं कमी भरली की पुडा बाद. कोणता पुडा उचलला जाईल हे आजीला कधीच ठाऊक नसायचं. म्हणून ती सगळेच नीट बांधायची.

पुढे इंजिनिअर होऊन मी चंद्रपूरजवळच्या एका कारखान्यात ईआरपी बसवायला गेलो. विकत घेतलेले बेअरिंग, बोल्ट, कन्व्हेयरचे रोलर स्टोअरला आले की त्यातले किती नग तपासायचे, हा आकडा भरायचा होता. मी मीटिंगमध्ये विचारलं. उत्तर आलं, "दहा टक्के टाक ना. सगळीकडे तेच असतं." मी टाकलं. चूक केली.

हिशोब बघा. 1000 बोल्टांच्या लॉटमध्ये 50 खराब आहेत. दहा टक्के म्हणजे 100 तपासले, तर एकही खराब न सापडण्याची शक्यता अर्ध्या टक्क्याहून कमी. आता 100 चा लॉट घ्या, त्यात 5 खराब. प्रमाण तेच. पण इथे दहाच तपासले जातात, आणि 58 टक्के वेळा सगळा माल चांगलाच दिसतो. नियम एकच, मोठ्या लॉटला चाळणी, छोट्याला उघडं दार.

शितावरून भाताची परीक्षा करताना कोणी पातेल्याच्या दहा टक्के भात चाखत नाही. नमुन्याची ताकद त्यातल्या नगांच्या संख्येत असते, टक्केवारीत नाही. हे गुपितही नाही. बेल लॅब्जमध्ये डॉज आणि रोमिग यांनी 1920 च्या दशकातच हे गणित मांडायला घेतलं. त्याच संस्थेतले शूहार्ट 1947-48 मध्ये महालनोबिसांच्या निमंत्रणावरून भारतात येऊन गेले. आपल्या आयएस 2500 या मानकात तयार तक्ते आहेत. नेहमीच्या स्तरावर 100 च्या लॉटमधून 20 नग काढा म्हणतात, 1000 च्या लॉटमधून 80.

"एवढा वेळ कुणाला आहे?" हा ठरलेला प्रश्न. मोठ्या लॉटवर तक्ता तुमच्यापेक्षा कमीच नग मागतोय. तिथे वाचलेला वेळ छोट्या लॉटला द्या. आणि जिथे माणसाचा जीव टांगलेला आहे, तिथे नमुना कसला? 20 सेफ्टी बेल्ट आले, दोन ओढून पाहिले, उरलेले अठरा कंत्राटी कामगारांच्या कमरेला. स्क्रीनवर हिरवा टिक.

शिवाय भात ढवळलेला असतो, खोकी नसतात. सॉफ्टवेअर 'दहा नग' एवढंच सांगतं. माणूस हाताशी असलेलं वरचं खोकं फोडतो. पुरवठादारालाही ते माहीत असतं. कोणत्या खोक्यातला कितवा नग, हे सॉफ्टवेअरने सांगायला चार ओळींचा कोड लागतो. आपण तो लिहीत नाही.

आपण म्हणतो, आम्ही फक्त कॉन्फिगर करतो, निर्णय क्लायंटचा. खोटं आहे. त्या चौकटीत आधीपासून 10 दिसलं, की कोणी ते बदलत नाही. डीफॉल्ट हाच निर्णय असतो आणि तो आपण घेतलेला असतो.

आजीच्या पुड्यात दोन पानं कमी निघाली तर तिची मजुरी जायची. खराब बेल्टचं खोकं मात्र सही-शिक्क्यासह आत जातं. गणित कळणाऱ्यांनी तरी ही चौकट दहावर सोडू नये.